कॉलरवाली

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फुकट आहे म्हणे. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. काहीतरी गोम असणारच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवार-शुक्रवार दुपारी तीन ते पाच, 'कागदी नमुन्यावरून आपले कपडे आपण शिवा'. मशीनं त्यांची, कागद त्यांचे, दोरा त्यांचा. कापड तेवढं आपलं. कोण देतं असं?

पत्रक ह्यांनी आणलं. ह्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी ठेवून गेलं होतं. जेवताना माझ्या ताटाशेजारी सरकवलं आणि जेवत राहिले. कारखाना बंद झाल्यापासून तीन वर्षं मी घरात आहे, कधी 'कुठे जा' म्हणाले नाहीत. आताच का? विचारलं तर म्हणाले, तुला देव भेटला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील.

गेले. दहा जण. एक बँकवाली – सारखी घड्याळाकडे बघते. दोघी जावा – एका बाकावर बसतात आणि दोघींत मिळून एक कात्री, त्यावरून तासभर धुसफूस. भूगोलाचे निवृत्त मास्तर, पुरुष तेवढे एकच. शिकवणारी तिशीची असेल. केस कापलेले, गळ्यात टेप. मास्तरीण म्हणते मी तिला, मनातल्या मनात.

तिने प्रत्येकाला विचारलं, पूर्वी शिवलंय का. माझ्याजवळ येऊन जरा जास्तच थांबली. मी म्हटलं, नाही. बटण लावते, तेवढंच.

खोटं. बावीस वर्षं कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवल्या. दिवसाला अडीचशे. पण फक्त कॉलरी! बाही कशी लावतात ते मला ठाऊक नाही. बावीस वर्षं सांगायची आणि बाही उलटी लावायची – कोण हसं करून घेणार?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळ्यांनी एकच शिवायचं – लांब सदरा, कॉलरचा, पुढे बटणं, दोन खिसे. नमुन्याचा कागद पलंगपोसाएवढा. त्यावर सहा मापं एकावर एक छापलेली. कुठली रेघ सलग, कुठली तुटक, कुठली टिंबाटिंबांची. मला घाम फुटला. कारखान्यात कापलेले तुकडे गठ्ठ्याने यायचे. कागद मी कधी पाहिलाच नव्हता.

मास्तर मात्र खुलले. म्हणाले, हा तर नकाशा आहे, बाई. आपली रेघ धरायची आणि दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. त्यांनी मला बाण दाखवला. तो कापडाच्या उभ्या धाग्याबरोबर ठेवायचा, नाहीतर सदरा अंगावर पिळतो. चांगला माणूस दिसतो. पण मला का शिकवतो?

माझं माप मलाच माहीत नव्हतं. अडतीस, चाळीस, बेचाळीसच्या हजारो कॉलरी शिवल्या, कुणाच्या गळ्यात गेल्या देव जाणे. आज मास्तरणीने माझ्या गळ्याला टेप लावला. तिचे हात गार होते. टेप आवळला नाही, दोन बोटं आत घालून मोजलं. मग वहीत लिहिलं. बाकीच्यांची मापं त्यांच्या त्यांनी लिहिली. माझंच तिने का लिहिलं?

आणखी एक. वर्ग सुटताना तिने सुया मोजल्या. दहा मशीनं, दहा सुया. प्रत्येक सुईवरून नख फिरवून टोक आहे की नाही ते पाहिलं. शिवणवर्गात कुणी असं करत नाही. कारखान्यात करतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कापड कापलं. राखी, जाड, सुती. शिलाईच्या बाहेर कापड सोडायचं त्याला माया म्हणतात. मास्तरीण सारखी ओरडत होती, माया सोडा, माया सोडा. मी सवयीने पाव इंच सोडली, कारखान्यात तेवढीच. ती म्हणाली, इतकी कमी? तुम्हाला काय गठ्ठे उरकायचेत?

गठ्ठे. हा शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडी येत नाही.

घरी येऊन ह्यांना मायेचं सांगितलं. म्हणाले, चला, निदान कापडाच्या बाबतीत तरी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज जायला नको होतं.

कॉलरीचा दिवस होता. मी ठरवून हळू शिवणार होते, पण हाताला कुठे कळतं? बाकीच्यांचा अर्धा तास टाचण्या लावण्यात गेला, तोवर माझी कॉलर पलटून, दाबून, पट्टीला जोडूनसुद्धा झाली. मान वर केली तर धाकटी जाऊ तोंड उघडं टाकून बघत होती. मास्तरीण आली. कॉलर उचलली, उजेडात धरली, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून ताडून पाहिली. कुठे शिकलात, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या आत्याकडे. मला आत्या नाही.

मग तिने सगळ्यांना बोलावून कॉलरीचं टोक काढायची रीत दाखवली. कात्री खुपसायची नाही, कापड फाटतं. शिवतानाच टोकात दुहेरी दोरा अडकवायचा आणि पलटताना तो ओढायचा. टोक सुईसारखं बाहेर येतं.

ही रीत कारखान्यात एकीचीच होती. माझ्या शेजारच्या मशीनवरची. तिला आम्ही चिमणी म्हणायचो, खरं नाव तिथे कुणी कुणाचं घेत नसे – एवढीशी, सारखी चिवचिव. तिनेच मला शिकवली. आमच्या दोघींशिवाय तसं कुणी करत नव्हतं.

चिमणीला मुलगी होती. अकरा-बारा वर्षांची. एकदा फाटकाशी उभी असलेली पाहिली होती. चेहरा आठवत नाही. अठरा वर्षं झाली. म्हणजे आज तिशीची!

निघताना मास्तरणीने माझ्या कॉलरीचा फोटो काढला. म्हणाली, आईला दाखवते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ह्यांना काही बोलले नाही. इथेच लिहिते. कुठेतरी लिहायला हवं.

कारखान्यात नियम होता. सुई मोडली की सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटवायचे, साहेबांची सही घ्यायची, मग नवी सुई मिळायची. तुकडा हरवला तर सगळं काम थांबायचं. त्या संध्याकाळी माझी सुई मोडली. सुटायला दहा मिनिटं होती. वरचा तुकडा सापडला, टोक सापडलं नाही. कनवटीला एक जादा सुई असायची, सगळ्याच ठेवायच्या. ती लावली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी धातू शोधणाऱ्या यंत्राखाली एक शर्ट वाजला. टोक कॉलरीत होतं. आमच्या दोघींचे गठ्ठे एकत्र गेले होते. म्हणजे एक तर ती, नाहीतर मी. साहेबांनी मला आधी विचारलं. मी म्हटलं, काल हिची सुई मोडली, मी पाहिलं.

एवढंच. एक वाक्य. मला वाटलं ओरडा बसेल आणि विषय संपेल. त्यांनी तिची सुई काढून बघितली. टोक बोथट निघालं. वापरून वापरून सगळ्यांचंच होतं, पण साहेबांना तेवढा पुरावा पुरला, तिला काढलं. ती माझ्याकडे बघत राहिली. डबा उचलून गेली. पुन्हा भेटली नाही, मीही गेले नाही.

आता कळतंय पत्रक ह्यांच्याच दुकानात का पडलं होतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

ह्यांना विचारलं, पत्रक ठेवणारी बाई कशी होती. म्हणाले, बाई नव्हे, वाचनालयाचा शिपाई. घड्याळाचा पट्टा बदलायला आला होता.

शिपायाला कुणी पाठवलं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गेले. न जाणं म्हणजे कबुली देणंच.

खिसे लावले. मास्तरांचा एक खिसा वर, एक खाली. म्हणाले, डोंगराळ प्रदेश आहे. सगळे हसले. मी हसले नाही, मी मास्तरणीवर लक्ष ठेवून होते. तिने मला खिडकीजवळच्या मशीनवर बसवलं होतं. उजेड चांगला म्हणून, असं ती म्हणते. तिथे बसलं की सगळ्यांना आपण दिसतो.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आई काय करते हो तुमची? म्हणाली, पूर्वी शिवायची. आता नजर कमी झालीय, पण हाताने काजं करते, घरबसल्या. बोटांनी चाचपून. मग म्हणाली, तुमची कॉलर आवडली आईला. फोटो मोठा करकरून बघितला. कोण आहेत म्हणून विचारत होती.

काय सांगितलंत?

सांगितलं, बटण लावण्यापलीकडे काही येत नाही असं म्हणणाऱ्या एक बाई आहेत. आणि हसली.

हसली, पण डोळे माझ्यावर होते. मासा गळाला लागल्यावर दोर सैल सोडतात, तसं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गेले नाही. डोकं दुखतं म्हणून पडून राहिले. सव्वातीनला फोन वाजला. ह्यांनी उचलला. पाच मिनिटं बोलत होते! मास्तरीण. तब्येत कशी आहे विचारत होती. आणि शेवटच्या दिवशी, सात मार्चला, सगळ्यांनी आपापला सदरा घालून यायचं आहे, घरच्यांनाही आणायचं. तिची आई येणार आहे सगळ्यांचं काम बघायला.

हे म्हणाले, मी येतो बरं का. इतक्या वर्षांत तुझ्या हातचं काही पुरं झालेलं मी पाहिलंच नाही.

कट पुरा आहे. माझा नवरासुद्धा समोर बसवायचा आणि मग बोलायचं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

झोप नाही. हे म्हणतात डॉक्टरकडे चल. डॉक्टर काय करणार?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहायचीही लाज वाटते.

लवकर गेले. खोलीत कुणी नव्हतं. माझी कॉलर उसवली. टाका न् टाका. मग बँकवालीसारखी शिवली. टाके लहानमोठे, एक टोक बोथट, एक वाकडं, पट्टी इकडे कमी तिकडे जास्त. वाईट शिवायला मला तिप्पट वेळ लागला. हात ऐकेनात. तीनदा आपोआप सरळ गेले, तीनदा पुन्हा उसवलं. चिमणीने शेवटच्या दिवशी हात फिरवून बघितलं तरी ओळखायची नाही. कॉलर म्हणजे हस्ताक्षर असतं.

मास्तरीण आल्या आल्या तिच्या लक्षात आलं. सदरा हातात घेतला. कॉलरीवरून बोट फिरवलं. मला वाटलं चिडेल. पण ती खालच्या आवाजात म्हणाली, काही होतंय का तुम्हाला? हाताला मुंग्या येतात का? आईला पण असंच झालं होतं मध्यंतरी.

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

ती म्हणाली, मी करून देऊ का पुन्हा? मी सदरा ओढून घेतला.

बाह्या लावल्या आज. पहिल्यांदा आयुष्यात. मुंढ्यापेक्षा, म्हणजे खांद्याच्या गोलापेक्षा, बाही मोठी कापलेली असते, ती हळूहळू सामावून घ्यायची असते, ओढायची नाही. थोरल्या जावेने दाखवलं. पहिल्या खेपेला बसली. ह्या सगळ्यात एवढा एकच आनंद, आणि तोही कुणाला सांगता आला नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

बँकवालीने टाचणी न काढता शिलाई मारली. खट्! सुई मोडली. मास्तरणीने एकदम हात वर केला – सगळ्यांनी मशीनं थांबवा, कुणी उठू नका. वरचा तुकडा मिळाला. टोक नाही. मग दहाही जण जमिनीवर. तिने दोऱ्याला बांधलेलं चुंबक सगळ्या फरशीवरून फिरवलं. मास्तर गुडघ्यावर. वीस मिनिटं गेली. बँकवाली कुरकुरायला लागली की एवढ्याशा कणासाठी काय हे.

मला वाटलं हे मुद्दाम घडवलंय. सुई आधीच चिरलेली लावली असणार. आता टोक सापडेल, आणि मग ती माझ्याकडे वळेल.

टोक बँकवालीच्याच सदऱ्याच्या खिशात निघालं. मास्तरणीने ते चिकटपट्टीने वहीत लावलं. आणि खरोखर सांगायला लागली. तिची आई कारखान्यात होती. कॉलरी शिवायची. एकदा सुईचं टोक कॉलरीत राहिलं आणि तिला काढलं.

मी डोळे मिटले. म्हटलं, होऊ दे एकदाचं.

मास्तरीण म्हणाली, "आईला कळलंच नव्हतं तिची सुई मोडलेली. ती म्हणते, बरं झालं शेजारणीने पाहिलं आणि लगेच सांगितलं. नाहीतर कुणाच्या तरी मानेत गेलं असतं. त्या बाईचे उपकार मानते ती अजून."

मला आधी कळेचना ती काय म्हणतेय ते.

मग म्हणाली, आई त्यानंतर मशीनवर बसली नाही. लोकांनी खूप सांगितलं, मीही सांगितलं. तिचं एकच – माझ्या हातांचा भरवसा नाही. म्हणून मी सुया मोजते. लहानपणापासून घरात तेच ऐकलंय.

धाकटी जाऊ चुकचुकली. मास्तर म्हणाले, एका चुकीपायी फार मोठी शिक्षा घेतली बाईंनी.

सगळे उठले तशी मास्तरीण माझ्याजवळ येऊन बसली. आईने फोटो बघून सांगितलं होतं म्हणे – अशी कॉलर फक्त माझी मैत्रीण शिवायची, तीच ती शेजारची. तिला भेटायची फार इच्छा आहे. तुमची कॉलर त्यांच्यासारखीच, म्हणून तुम्हाला विचारते. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी म्हटलं, नाही.

पुन्हा एक वाक्य. अठरा वर्षांनी, तितक्याच सहज.

शनिवार, १ मार्च

सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. भिंग डोळ्याला लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. भिंग काढलं. सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते की म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट आहे. तसं म्हणाले नाहीत. विचारलं, तिला मशीनवर बसून किती वर्षं झाली? मी म्हटलं, अठरा. म्हणाले, मग अजून बसून काय राहिलीयस?

मी म्हटलं, ती उपकार मानते माझे. सुखात आहे तशी. सांगून तिला काय मिळणार? मीच का वाईट व्हायचं? त्यांनी पुन्हा भिंग लावलं.

इतके दिवस सगळ्यांवर संशय घेतला. मास्तरणीवर, मास्तरांवर, नवऱ्यावर, वाचनालयाच्या बिचाऱ्या शिपायावर. आणि ज्या बाईला माझा संशय यायला हवा होता, तिला तो एक दिवसही आला नाही. तिने स्वतःच्या हातांवर घेतला.

दुपारी मास्तरणीला फोन केला. म्हटलं, ती शेजारची मीच. काल तोंडातून निघालं नाही. पत्ता द्या. ती इतकी खूश झाली की मला पुढचं बोलताच येईना. म्हणाली, आईला सांगत नाही, तुम्हीच अचानक या. उद्याच या.

रविवार, २ मार्च

गेले. आवाजावरून ओळखलं तिने. हाताला धरून आत नेलं, उशी दिली, बस म्हणाली. मी उभ्यानेच सांगितलं. मग तिने आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली. ती आली, हसत. चिमणी मला म्हणाली, "आता हिला सांग. पहिल्यापासून."

सांगितलं.